अम्मीचा बघण्याचा कार्यक्रम

अम्मीला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते त्याच्याच आधाराने केलं. ती सातवीपर्यंत शिकलेली, तीही उर्दू शाळेत. उर्दू झरझर वाचायची, मराठी बोट ठेवून, आणि इंग्रजी कागद समोर आला की ओढणीला हात पुसत स्वयंपाकघरात निघून जायची. अमिरातीतल्या फुजैरात आम्ही एका शिंप्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर राहायचो. अब्बा तेलाच्या टर्मिनलवर स्टोअरकीपर होते. हॉलच्या खिडकीतून समुद्रात नांगर टाकून रांगेत थांबलेली जहाजं दिसायची आणि मागच्या खिडकीतून डोंगर, उघडेबोडके, काळपट. अम्मी म्हणायची, "अल्लाने इथे डोंगर केले आणि झाडं लावायची राहूनच गेली." मग लगेच तोबा तोबा म्हणत गालांवर हात मारून घ्यायची. एसी इतका घरघरायचा की घरात सगळे ओरडूनच बोलत, आणि बाहेर गेल्यावरही ती सवय सुटत नसे. समोरच्या घरात मल्याळी कुटुंब होतं, वर पठाण ड्रायव्हर राहायचे. अम्मीशी मराठीत बोलेल असं इमारतीत कोणी नव्हतं. अब्बा होते, पण ते दिवसाला वीसेक शब्द बोलायचे, आणि त्यातले निम्मे "यल्ला", म्हणजे चला, आणि "खलास".

कॉम्प्युटर इरफानसाठी आणलेला होता. इरफान माझा धाकटा भाऊ. आमच्या घरात नवी वस्तू आली की ती इरफानसाठी आलेली असे आणि वापरायला मला मिळत असे. इरफानला फक्त गाड्यांचे खेळ खेळायचे असत, तो कंटाळून उठला की खुर्ची माझी. अशीच एका दुपारी मला 'खाडीपल्याड' सापडली. अमिरातीत राहणाऱ्या मराठी बायकांनी मिळून चालवलेली गप्पांची साइट. मराठी, पण लिहायची इंग्रजी अक्षरांत. कुणीतरी सांदणांची कृती टाकली होती ती मी गंमत म्हणून अम्मीला वाचून दाखवली. सांदण म्हणजे आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरचा जीव की प्राण, तांदळाच्या रव्याचे, नारळाच्या दुधातले, वाफवलेले. अम्मी मासे साफ करत होती. ती सुरी घेऊन तशीच बाहेर आली.

"सोडा? सांदणात सोडा घातलान तिने?"

"असं लिहिलंय."

"लिही तिला. लिही, बाई, सोडा घालून इडली होते. सांदण करायचा तर पीठ रात्रभर ठेव आणि सकाळपर्यंत त्याच्याकडे बघू नको."

मी जसंच्या तसं लिहिलं. तासाभरात अकरा जणींनी उत्तरं दिली होती. महिन्याभरात अम्मी तिथली 'हमीदाताई' झाली होती. दुपारचं जेवण उरकलं की ती माझ्याशेजारी प्लास्टिकचं स्टूल ओढून बसायची आणि सांगायची, मी लिहायचे. त्या बायका जणू पडद्याच्या आत बसल्या आहेत अशा तऱ्हेने ती बोले. शारजातल्या स्वातीला दम दे, अल ऐनवालीला विचार तापाचं काय झालं. मासळीबाजारातून येताना म्हणायची, "शेरी बारा दिरहम किलो, म्हणजे दीडशे रुपये, स्वातीला सांग, शारजात याच्या दुप्पट घेत असतील." स्वातीला सांगितल्याशिवाय तिला तो मासा शिजवावासा वाटत नसे.

एकदा एकीने लिहिलं, "हमीदाताई, तुमचं मराठी किती छान आहे हो, वाटतच नाही." काय वाटत नाही ते तिने लिहिलं नव्हतं. मी अम्मीला फक्त "मराठी किती छान आहे" एवढंच वाचून दाखवलं. अम्मी खूश झाली. म्हणजे वाचताना मधलं गाळायची सवय मला लागली ती चांगुलपणातून, हे माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच.

खाडीपल्याडवर दर आठवड्याला एक खेळ असायचा, त्याचं नाव 'बघण्याचा कार्यक्रम'. साइट चालवणाऱ्या मृदुलाताई, अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीत राहायच्या, त्यांची ही कल्पना. एका सभासद बाईने मुलगी व्हायचं आणि बाकीच्या सगळ्यांनी मुलाकडची मंडळी. मंडळींनी हवे ते खाजगी प्रश्न विचारायचे आणि मुलीने सगळ्यांची खरी उत्तरं द्यायची, अट एवढीच. खऱ्या कार्यक्रमात विचारायची कुणाची छाती होणार नाही असले प्रश्न. नवऱ्यापासून लपवून काय खाता? सासूला शेवटचं उलट कधी बोललात? रडू आलं तर घरात कुठे जाऊन रडता? प्रत्येकीला ओळखायचा हाच रस्ता होता, कारण भेट अशी कोणाची झालीच नव्हती.

अम्मीचा आठवडा आला तेव्हा तिने सकाळी न्हाऊन निळा रेशमी सलवार-कमीज घातला. मी म्हटलं, "अम्मी, त्यांना दिसत नाही." ती म्हणाली, "मला दिसतंय ना." आणि स्टुलावर पाय जुळवून बसली, अगदी तिलाच बघायला मंडळी आल्यासारखी.

तीन दिवस ती उत्तरं देत होती आणि तीन दिवसांत मला कळलं की या बाईची मला काही माहिती नाही. तिला शाळेत शिकवायचं होतं. लिफ्टला ती घाबरायची आणि म्हणून जिना चढायची, व्यायामासाठी नव्हे. अब्बा लग्नानंतर पहिल्यांदा इकडे आले तेव्हा तिला त्यांचा चेहरा आठवेनासा झाला होता आणि ते कुणाला सांगायची तिला लाज वाटली होती. रडू आलं तर कुठे रडता याला तिने सांगितलं, "न्हाणीघरात, नळ सोडून. पण इथे पाण्याचं बिल येतं म्हणून हल्ली कमी रडते." बायका हसून हसून लोटपोट झाल्या. मी ते टाइप केलं आणि मला हसू आलं नाही. एकीने नुसता प्रश्न टाकला की ही आपलं काळीज काढून देत होती, आणि मी शेजारी बसलेली टायपिस्ट.

आता मला जे बोचत होतं ते सांगायला हवं. मी दोन वर्षांची असताना अम्मी मला गावी ठेवून इथे आली. दाभोळच्या खाडीकाठी आमचं गाव. अब्बांच्या पगारात तेव्हा अम्मीचा आणि एका मुलाचा व्हिसा बसत होता, आणि इरफान अंगावर पिणारा होता. सहा महिन्यांत मला बोलवून घ्यायचं ठरलं होतं. सहा महिन्यांची सहा वर्षं झाली. मला फुफीने वाढवलं, म्हणजे अब्बांच्या मोठ्या बहिणीने. फुफीच्या अंगाला कायम सुक्या मासळीचा वास यायचा आणि मी तो वास नाकात घेतल्याशिवाय झोपत नसे. अम्मी एकदा सुट्टीला आली तेव्हा मी फुफीच्या मागे लपून विचारलं होतं, "ह्या कोण?" हे नंतर घरात गंमत म्हणून सांगितलं जायचं. आठ वर्षांची झाल्यावर मला विमानात बसवून आणलं. विमानतळावर अम्मीने मला उचलायला हात पुढे केले आणि मी तिला सलाम केला, पाहुण्यांना करतात तसा. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही एका घरात राहिलो. ती मला चांगलंचुंगलं करून घालायची, मी पहिला नंबर आणायचे. मला का ठेवलंत, असं मी तिला कधी विचारलं नाही, आणि तिनेही आपणहून कधी तो विषय काढला नाही. मला वाटायचं, मुलगा घेतला, मुलगी ठेवली, यात विचारायचं काय?

चौथ्या दिवशी स्वातीचा प्रश्न आला. "हमीदाताई, तुमच्या लेकीच्या लहानपणीची एखादी आठवण सांगा ना." मी तो वाचून दाखवला आणि पाठ ताठ करून बसले. मला खरंच वाटलं की आता ती सांगेल. निदान अडखळेल.

अम्मी लगेच हसली. "लिही. नाजूचा पहिला दात पडला ना, तेव्हा ती रडायला लागली, मला म्हातारी व्हायचं नाही म्हणून. मग मी तिला खांद्यावर घेतलं आणि म्हटलं, टाक कौलांवर, उंदराला म्हण, माझा दात घे, तुझा दे. तर ही उंदराला सलाम करून म्हणते, अस्सलाम आलेकुम, उंदीरसाहेब." ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "लिही गो, काय बघत बसलीस?"

तो खांदा फुफीचा होता. अम्मी तेव्हा इथे होती, फुजैरात, याच हॉलमध्ये. फुफीने ही गोष्ट तिला फोनवर सांगितली असणार. माझ्याकडे त्या सहा वर्षांतलं जे काही थोडं होतं, तेही हिने उचललं आणि चारचौघीत आपलं म्हणून मिरवलं. आज मी चाळिशी ओलांडली आहे, माझ्या मुलीच्या शाळेतल्या कुठल्याशा नाटकाला मी ऑफिसमुळे गेले नव्हते आणि लोकांना मी ते "आम्ही बघितलं तेव्हा" असं बिनदिक्कत सांगते. न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगताना आईच्या पोटात काय होतं ते आता मला ठाऊक आहे. तेव्हा मला फक्त राग ठाऊक होता.

मी टाइप केलं. अम्मी शेजारी बसलेली असताना, तिच्याकडे अधूनमधून बघून हसत मी टाइप केलं. "माझ्या मुलीच्या लहानपणीची मला काही आठवण नाही. ती दोन वर्षांची असताना तिला मी नणंदेकडे टाकून आले. सहा वर्षं. मुलगा बरोबर आणला. तिचा पहिला दात कधी पडला मला माहीत नाही. खरं उत्तर द्यायची अट आहे म्हणून सांगते, मला तिची आठवण यायची नाही."

"वाच," अम्मी म्हणाली. मी उंदीरसाहेबांची गोष्ट वाचून दाखवली, एक शब्द इकडचा तिकडे न करता. ती पुन्हा हसली. मी बटण दाबलं.

सगळ्यांत शेवटचं वाक्य खरं की खोटं ते मला माहीत नसताना लिहिलेलं होतं, आणि तेच लिहिताना सगळ्यांत बरं वाटलं. हे मी लपवत नाही. तोंडात खडीसाखर ठेवल्यासारखं वाटलं.

मग उत्तरं यायला लागली. आधी तासभर कोणीच काही लिहिलं नाही, आणि त्या साइटवर तासभर कोणी गप्प बसणं म्हणजे घरात मयत झाल्यासारखंच. मग एकीने लिहिलं, "बापरे." दुसरीने, "असं कसं करवतं आईला?" तिसरी, "अजूनही मुलगा-मुलगी करतात लोक, आणि वर उघडपणे सांगतात." एक म्हणाली, "असेल त्यांच्यात तसं, आपण कशाला बोला." मृदुलाताईंनी लिहिलं, "प्रामाणिकपणाबद्दल आभार, हमीदाताई," आणि खाली दुसरं काही नाही. स्वातीने काहीच लिहिलं नाही. अम्मी विचारायची, "काय म्हणतायत?" आणि मी पडद्याकडे बघून वाचायचे, "स्वाती म्हणते, उंदीरसाहेब वाचून पोट दुखलं. मृदुलाताई म्हणतात, अशी आठवण आत्तापर्यंत कोणी सांगितली नव्हती." दुसरं वाक्य तसं खोटं नव्हतं. एकीने विचारलं, "पश्चात्ताप होत नाही?" त्याला मी अम्मीला न विचारताच उत्तर दिलं, "खलास. झालं ते झालं." हे अम्मीच्या तोंडी अगदी शोभण्यासारखं होतं. इतके दिवस मी तिचं बोलणं उतरवून घेत होते, तिचा आवाज माझ्या बोटांत बसला होता.

मला वाटलं होतं, हळूहळू त्या तिच्याशी बोलायच्या बंद होतील, मी सांगेन साइट बंद पडली, आणि प्रकरण मिटेल. पण त्याच महिन्यात मृदुलाताईंनी सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं, पहिल्यांदाच, शुक्रवारी जेवायला. बोलावणं सगळ्यांना होतं आणि अम्मीला ते ठाऊक होतं, कारण माझ्या त्या उत्तराच्या आधीपासून आखणी तिच्याच शिफारशीवरून चालली होती, कोणी काय करून आणायचं ते. मी म्हटलं, "लांब आहे, अम्मी. तीन तास." ती म्हणाली, "कराचीला जायचं असतं तरी गेले असते." तिने अब्बांना सुट्टी काढायला लावली. दोन दिवस रवा, नारळ, पीठ. आमचं घर आंबूस-गोड वासाने भरून गेलं. गुरुवारी मी पोटात दुखतं म्हणून आडवी झाले. अम्मीने ओव्याचं पाणी पाजलं आणि म्हणाली, "तुला ठेवून कशी जाऊ? तूच तर सगळ्यांना ओळखतेस." तिने तेवढ्यासाठी माझाही नवा ड्रेस शिंप्याकडून घट्ट करून आणला.

गाडीत तिने साठ सांदणांचं पातेलं मांडीवर धरलं होतं, डोंगरातल्या वळणांवर दोन्ही हातांनी कवटाळून. सगळ्या रस्ताभर ती नावांची उजळणी करत होती. अल ऐनवाली ती तापवाली, कांदे न खाणारी ती ठाण्याची. इरफान म्हणाला, "अम्मी, दे आर नॉट योर फ्रेंड्स, दे आर जस्ट ऑनलाइन." अम्मी म्हणाली, "गप रे, तुला काय कळतं."

खलिफा सिटीतल्या त्या बंगल्याच्या दारात मृदुलाताईंनी सगळ्यांना मिठी मारली. अम्मीला नमस्कार केला. पुरुष आणि मुलं दुसऱ्या खोलीत गेली, मी अम्मीच्या मागे मागे राहिले. वीसेक बायका होत्या. अम्मी एकेकीला नावाने ओळखायला गेली, "तू अल ऐनची ना? ताप गेला?" आणि ती बाई "हो हो" म्हणून बशा मांडायला उठली. कुणी भांडलं नाही, कुणी टाकून बोललं नाही, सुशिक्षित बायका होत्या सगळ्या. फक्त अम्मी ज्या सोफ्यावर बसली त्या सोफ्यावर दुसरं कोणी बसलं नाही. आणि माझ्याजवळ मात्र एकामागून एक येत होत्या, डोक्यावरून हात फिरवत होत्या. "बाळा, तू जेवलीस का?" "अभ्यास छान चाललाय ना? हुशार आहेस तू." एकीने माझा गाल कुरवाळला आणि तिचे डोळे भरले. सतरा वर्षांच्या मुलीचे गाल कोणी असे कुरवाळत नाही. अम्मी ते बघत होती आणि तिचा चेहरा आधी सुखावला, लेकीचं कौतुक होतंय म्हणून. मग ती जरा गोंधळली. सांदणं टेबलाच्या टोकाला होती, एकीनेही ती घेतली नव्हती, आणि अम्मी दर थोड्या वेळाने तिकडे बघून नजर काढून घेत होती.

जेवणानंतर मृदुलाताई म्हणाल्या, चला, आज समोरासमोर बघण्याचा कार्यक्रम करू. एकेक प्रश्न. गमतीचे प्रश्न झाले, हसणं झालं. मग स्वाती उठली. मी तिला तोवर ओळखलं नव्हतं, कोपऱ्यात बसलेली काळीसावळी, बारीकशी मुलगी, माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठी. ती येऊन अम्मीच्या सोफ्यावर बसली, अम्मीच्या अगदी शेजारी.

"हमीदाताई, रागावू नका. माझा मुलगा साताऱ्याला आहे, माझ्या आईकडे. दोन वर्षांचा. मी इथे नोकरी करते, आमच्या कंपनीचे फॅमिली व्हिसाचे पेपर्स अजून होत नाहीयेत. मी हे ग्रुपवर कोणाला सांगितलं नव्हतं." ती पुरती अम्मीकडे वळली. "तुम्ही लिहिलंत की मुलीला सहा वर्षं नणंदेकडे टाकलं आणि तुम्हाला आठवणच यायची नाही. मी रोज रडते हो. मला खरं सांगा, आठवण यायची बंद होते का? कधी होते?"

अम्मीने स्वातीकडे पाहिलं. ते शब्द तिच्या आत पोचायला वेळ लागला, तेवढा वेळ मी तिचा चेहरा बघत होते आणि मला तिथून पळून जाता आलं नाही. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. तिला काही विचारावं लागलं नाही.

"हो," अम्मी म्हणाली. "मीच सांगितलं लिहायला."

एका बाईने चुकचुक केलं.

"यायची नाही, असं नाही गो," अम्मी स्वातीला म्हणाली, हळू, जसं घरात कधी बोलत नसे तसं. "मी येऊ द्यायची नाही. पहिल्या वर्षी येऊ दिली. तर छातीतून दूध यायचं, धाकटा पिऊन झाल्यावर पण. मोठी दोन वर्षांची, तिला मी अंगावरून कधीच सोडवलेली, तरी तिच्या नावाने यायचं. माझा नवरा म्हणाला, हमीदा, तू वेडी होशील. मग मी तिचा फोटो ट्रंकेत तळाशी टाकला. फोनवर नणंद काय काय सांगायची, दात पडला, चालताना पडली, मी ते सगळं पाठ करून ठेवायची. लोकांना सांगताना मी तिथे होते असंच सांगायची. सांगता सांगता मलाच खरं वाटायचं." तिने स्वातीचा हात आपल्या हातात घेतला. "तू फोटो ट्रंकेत टाकू नको. आणि पेपर्सची वाट बघू नको. नोकरी सोड, जा, घेऊन ये त्याला. मी आणलं तेव्हा उशीर झाला होता. माझ्या मुलीने मला विमानतळावर सलाम केलान."

स्वाती तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. बाकीच्या काही बायकांनीही डोळे पुसले. मृदुलाताईंनी सांदणांचं पातेलं उघडलं आणि सगळ्यांना वाढायला लागल्या. खूप छान झालीयेत म्हणाल्या सगळ्या. अम्मी हसून प्रत्येकीला सांगत होती, पीठ रात्रभर ठेवायचं. मी एक सांदण हातात धरून भिंतीशी उभी होते. मी ते खाल्लं नाही, कुठेतरी कुंडीत टाकलं.

परत निघालो तेव्हा अब्बांनी विचारलं, "कसा झाला प्रोग्राम?"

"छान झाला," अम्मी म्हणाली. "सगळं संपलं. एक उरलं नाही."

इरफान झोपला. अम्मी पुढच्या सीटवर होती, मला तिची फक्त ओढणी दिसत होती. अडीच तास ती अब्बांशी बोलत होती, त्या बंगल्याला किती खोल्या, किती मोठा फ्रीज. मला वाटायला लागलं, तिने सोडून दिलं. आई आहे, सोडून देणारच. घरी गेल्यावर पाया पडून माफी मागायची, असं मी मनात ठरवूनही टाकलं आणि मला थोडं हलकं वाटलं. माफीची वाक्यंसुद्धा जुळवली, मला लिहायची सवयच होती.

वाटेतल्या मसाफी गावाला मगरिबची, सूर्यास्ताची, अजान झाली. अब्बांनी मशिदीशी गाडी थांबवली, इरफानला उठवून बरोबर नेलं. गाडीत आम्ही दोघी. डोंगर अजून दिसत होते. मी म्हटलं, "अम्मी."

तिने मागे वळून पाहिलं नाही. मासळीचा भाव सांगावा तशा साध्या आवाजात ती म्हणाली, "तुला तिथेच राहू द्यायला हवं होतं. माझं चुकलं. फुफीची होतीस, फुफीचीच राहायचीस."

मी जुळवलेलं एकही वाक्य बोलले नाही. अब्बा परत आले, त्यांनी सगळ्यांना चहा आणला होता, आणि अम्मीने माझा कप हात मागे करून मला दिला. गरम आहे म्हणाली. त्यानंतर ती बारा वर्षं जगली. माझं लग्न तिने केलं, माझी बाळंतपणं केली, दुबईत सिलिकॉन ओएसिसला मी घर घेतलं तेव्हा येऊन महिनाभर राहिली. त्या साइटचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. स्वाती तिला दर ईदला फोन करायची. साताऱ्याहून मुलगा घेऊन आली होती, त्याला फोन द्यायची आणि अम्मी त्याच्याशी अर्धा अर्धा तास बोलायची, काय खाल्लंस, कोण मारतं तुला शाळेत, काय स्वप्न पडलं. मी बाजूला बसून ऐकायचे. माझ्याशी ती शेवटपर्यंत चांगली वागली. मला तिने पुन्हा काहीही विचारलं नाही.